दोनशे पावलांवरचा तंबू

शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी ओदवार रागानं घराबाहेर पडला. पण रागातसुद्धा पहिलं पाऊल टाकण्याआधी त्यानं टाच घराच्या कोपऱ्याला नीट टेकवून घेतली. मोजायचं होतं ना! पाठीवर तंबू, एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात खाण्याची पिशवी आणि ओठांत पुटपुट: एक, दोन, तीन. काळ्या बेरींच्या झुडपापाशी वळसा घ्यायची वेळ आली, तर गडी झुडपातून गेला. मोजणीच्या माणसाला वळसा माहीत नसतो.

नदीकाठी, रानात, कुणाच्याही माळावर तंबू ठोकायला आमच्या या उत्तरेच्या देशात कुणी कुणाची परवानगी मागत नाही. फक्त ज्या घरात माणसं राहतात, त्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी मुक्काम करायचा नाही. एवढं पाळलं की नदी तुमची. ओदवारनं सदतीस वर्षं हेग्मोच्या नगरपालिकेत मोजणीदार म्हणून काढली होती आणि हा नियम त्यानं निदान हजार वेळा कुणाकुणाला ऐकवला होता. त्याचं पाऊल बरोबर पंचाहत्तर सेंटिमीटरचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं ते तपासून घेतलं होतं, नंतर कधी तपासायची गरज पडली नाही. म्हणजे दोनशे पावलं.

एकशे नव्व्याण्णव. दोनशे. तोव्रा नदीच्या काठावर, एका जुन्या बर्चच्या झाडाखाली तो थांबला. पिशव्या खाली टाकल्या आणि मगच मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बोर्गहिल उभी होती. त्यानं पाहिलं तशी ती भांडी घासायला लागली.

भांडण झालं होतं एका एल्कवरून, म्हणजे इथल्या रानातल्या सांबरासारख्या थोराड हरणावरून.

बोर्गहिलचा तो चौसष्टावा वाढदिवस. दुपारच्या कॉफीला आठ माणसं जमली होती. केक संपत आला की बोर्गहिलनं एल्कची गोष्ट सांगायची, हे ठरलेलंच. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ती कपडे वाळत घालत होती आणि चादरीच्या पलीकडून एक भलामोठा नर एल्क आला, घोड्याहून उंच, ही एवढी शिंगं! "इतक्या जवळ होता," बोर्गहिल दोन्ही हात पसरून सांगत होती, "की त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. दोन हातांवर! मी त्याला म्हटलं—"

"अकरा मीटर," ओदवार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मी नंतर खुरांचे ठसे मोजले होते ना," त्यानं समजावून सांगितलं. "अकरा मीटर वीस सेंटिमीटर. श्वास येणं शक्यच नाही."

आता बोर्गहिल एल्कला काय म्हणाली, हे त्या आठ माणसांना कळलंच नाही. कुणी कपाकडे बघायला लागलं, कुणी हवेचा विषय काढला. गेली बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बोर्गहिलनं टेबलावरचे कप गोळा केले नाहीत. खुर्चीत बसून ती शांतपणे म्हणाली, "ओदवार, तू थोडे दिवस कुठंतरी जा बाबा. माझ्या गोष्टींना जरा वाढायला जागा होऊ दे."

"किती लांब जाऊ?" ओदवारनं विचारलं. टोमणा मारायचा होता त्याला.

"कायद्यात बसेल एवढं!"

झालं! ओदवार माडीवर गेला आणि तंबू घेऊनच खाली आला. दारात उभं राहून त्यानं जाहीर केलं की दोन दिवस तो नदीकाठी राहील. रविवारी चार वाजेपर्यंत तिनं बोलावलं तर ठीक, नाहीतर तो तिथूनच थेट भावाच्या डोंगरावरच्या झोपडीवर जाईल आणि उन्हाळाभर तिकडेच राहील.

"मी नाही बोलावणार," बोर्गहिल म्हणाली.

"मग मी नाही येणार," ओदवार म्हणाला.

आणि दोघंही शब्दाला पक्के, हीच तर खरी पंचाईत.

तंबू छान उभा राहिला. ओदवारचा तंबू छानच उभा राहतो, एकही सुरकुती नाही. त्यानं नदीचं पाणी आणलं, स्टोव्हवर कॉफी ठेवली, दगडावर पथारी पसरली आणि स्वतःला बजावलं की हे आपण कधीच करायला हवं होतं. काय ती शांतता! काय ते पाणी! मग त्यानं पिशवी उघडली. कुरकुरीत भाकऱ्या होत्या, टोमॅटोतल्या बांगड्याचे तीन डबे होते, आणि अर्धा किलो तपकिरी चीज होतं. चीजचे काप काढायची किसणी मात्र नव्हती.

आता ज्याला या किसणीवाचून अडलेल्या माणसाचं दुःख कळत नाही, त्याला सांगून उपयोग नाही. तपकिरी चीज सुरीनं कापायचं नसतं. सुरीनं जाड तुकडा पडतो, तो टाळूला चिकटतो, आणि चीजच्या ढेपेला एका बाजूनं उतार येतो. तसा उतार केल्याबद्दल ओदवारनं एकदा स्वतःच्या जावयाशी अख्खा ईस्टर अबोला धरला होता. तो चाकू हातात घेऊन चीजकडे बराच वेळ बघत बसला. शेवटी त्यानं चीज परत गुंडाळलं आणि कोरडी भाकरी खाल्ली.

इतक्यात ट्रॅक्टर फटफटत आला. सीवर्त हा शेजारचा शेतकरी, पन्नाशीचा, लालबुंद, सगळ्या गावाची चेष्टा करूनही कुणाचा शत्रू न झालेला. नदीकाठची ही जमीन त्याचीच. ट्रॅक्टर बंद करून तो खाली उतरला, टोपी काढली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "नमस्कार, नमस्कार! आपलं हेग्मोत स्वागत आहे. कुठून आलात म्हणायचं?"

"त्या घरातून," ओदवार गुरगुरला.

"अरे वा, लांबून आलात! प्रवास कसा झाला?"

"सीवर्त, तुझं गवत कापायचं राहिलंय. जा."

"जातो, जातो. दीडशे मीटर आहेत ना पण? नाहीतर मला उठवावं लागेल हं तुला."

"दीडशे मीटर," ओदवार छाती काढून म्हणाला, "कुणी मोजलेत माहीत आहे ना?"

"मग काय प्रश्नच नाही," असं म्हणून सीवर्त हसत निघून गेला. भांडण कशावरून झालं, हे त्यानं विचारलं नाही. हेग्मोत असलं काही विचारणं म्हणजे असभ्यपणा. माहीत असणं मात्र चालतं, आणि सीवर्तला सगळं माहीत होतं.

शनिवारी सकाळी ओदवार डासांच्या चाव्यांनी सुजलेलं तोंड घेऊन तंबूबाहेर आला. घर आणि नदी यांच्या मधोमध जे लाकडी फाटक आहे, त्याच्या खांबावर ऊन पडलं होतं आणि तिथं काहीतरी चमकत होतं. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. किसणी!

तो उठून उभा राहिला. मग बसला. हे बोलावणं समजायचं का? बोलावणं म्हणजे हाक मारणं, निरोप पाठवणं. किसणी म्हणजे बोलावणं नव्हे, किसणी म्हणजे किसणी. शिवाय फाटक बरोबर अर्ध्यावर होतं, म्हणजे तिनंही अर्धंच अंतर चालून तिथं ठेवली होती. पुढं एक पाऊल नाही. बाई हिशोबाची पक्की, असं त्याच्या मनात आलं आणि उगाचच बरं वाटलं. खिडकीत कुणी नाही असं बघून तो वाकत वाकत फाटकापर्यंत गेला, किसणी घेतली आणि तसाच वाकत परत आला. पडद्याआड उभं राहून बोर्गहिलनं हे सगळं पाहिलं, हे त्याला फार नंतर कळलं.

भाकरीवर चीजचा पातळ, गोड काप ठेवून त्यानं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे पाणावले. डासांमुळे, असं तो स्वतःला म्हणाला.

दुपारी बोर्गहिलकडे विणकामाच्या मैत्रिणी आल्या. दर शनिवारी चौघीजणी येतात. ओसरीवर बसल्या, लोकरीचे गुंडे निघाले, आणि थोड्याच वेळात बोर्गहिलचा आवाज चढलेला त्याला लांबून कळला. शब्द येत नव्हते, पण हात दिसत होते. दोन्ही हात पसरले. एल्क! ओदवारनं हातातली कॉफी खाली ठेवली. हात जरा जवळ आले. म्हणजे आता एल्क एका हातावर आला असणार, नाही म्हणजे काय, अडवायला कुणी नव्हतंच ना! "अकरा मीटर," तो बांगड्याच्या डब्याला म्हणाला.

आणि मग ओसरीवर हसण्याचा जो काही फवारा उडाला, तो नदीपर्यंत आला. चौघी हसत होत्या, बोर्गहिल सगळ्यांत मोठ्यानं. एक थांबली की दुसरी सुरू व्हायची. बोर्गहिल डोळे पुसत होती, खुर्चीचा हात धरून वाकली होती. ओदवार बघतच राहिला. एकेचाळीस वर्षं संसार केला, पण या गोष्टीच्या शेवटी बोर्गहिल अशी हसते, हे त्याला माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? शेवटापर्यंत त्यानं ती गोष्ट कधी जाऊच दिली नव्हती. ती एल्कला काय म्हणाली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याला फार वाईट वाटलं. आपण नसलो की हिला बरं वाटतं, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि तंबूतल्या डासासारखा बाहेरच निघेना. रविवारी चारनंतर भावाच्या झोपडीवर जायचं, हे त्यानं रागात म्हटलं होतं. आता ते खरंच होणार असं दिसायला लागलं. झोपडीवर वीज नाही, पाणी ओढ्याचं, आणि सगळ्यांत जवळचा माणूस एकोणीस किलोमीटरवर. रस्ता त्यानं स्वतःच मोजलेला होता.

रविवार उजाडला तो कडक उन्हाचा. आणि रविवारी ऊन पडलं की हेग्मोतलं माणूस घरात राहत नाही. पाठीवर पिशवी, पिशवीत संत्रं आणि चॉकलेट, आणि सगळे नदीकाठच्या पायवाटेनं फिरायला. गावात रस्त्यावर भेटलं तर मान वर न करणारी माणसं पायवाटेवर मात्र एकमेकांना नमस्कार केल्याशिवाय पुढं जात नाहीत. ओदवारचा तंबू पायवाटेला लागून. सकाळी दहापासून त्यानं अख्ख्या गावाला नमस्कार घातला.

"छान ऊन पडलंय," शाळेतल्या जुन्या बाई म्हणाल्या.

"छान," ओदवार म्हणाला.

"जागा छान आहे," दाताचा डॉक्टर म्हणाला.

"छान आहे."

"घर पण दिसतं इथून," वाण्याची तोर्दिस म्हणाली. ही बोर्गहिलच्या विणकामातलीच. "छान दिसतं. काल आम्ही काय हसलो रे! तुला ऐकू आलं असेल."

"नाही," ओदवार म्हणाला.

"असं होय. चीज खातोयस? किसणी आणलीस वाटतं बरोबर," असं म्हणून तोर्दिसनं एक संत्रं त्याच्या दगडावर ठेवलं आणि ती पुढं गेली. दुपारपर्यंत दगडावर सात संत्री जमली. कुणीच काही विचारलं नाही. ओदवारला वाटलं, एखाद्यानं तरी विचारावं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता की मला घरी जायचंय.

तीन वाजले. त्यानं तंबूचा पहिला खुंट उपटला, पुसला, पिशवीत घातला. एरवी दहा मिनिटांत तंबू गुंडाळणारा माणूस, पण आज प्रत्येक खुंट बोटानं साफ करत होता. घराकडे पाठ करून बसला होता, म्हणजे बघावं लागू नये. सव्वातीन. दुसरा खुंट. साडेतीनला घराकडून सीवर्तचा आवाज आला, आणि ओदवारनं मान वळवली.

घराच्या कोपऱ्यापाशी बोर्गहिल वाकून उभी होती. तिच्या हातात नारिंगी रंगाचा मोठा टेप होता. त्याचाच टेप, निवृत्तीला नगरपालिकेनं भेट दिलेला, पन्नास मीटरचा, ज्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. टेपचं टोक तिनं कोपऱ्यावर धरलं होतं आणि सीवर्त टेपची चकती घेऊन उलटा चालत नदीकडे येत होता.

ओदवार बघत राहिला. हे काय चाललंय त्याला कळेना, पण एक गोष्ट लगेच कळली. टेप सैल होता. गवतात लोळत होता, काळ्या बेरींच्या झुडपाला चांगला वळसा घालून येत होता, आणि सीवर्त महाशय एका हातानं चकती धरून दुसऱ्या हातानं पाठ खाजवत होते.

गप्प बसायचं, ओदवारनं ठरवलं. आपला काही संबंध नाही. त्यानं तिसरा खुंट पुसला. मग तो परत पुसला. सीवर्तनं पन्नास मीटरवर खूण म्हणून आपली टोपी टाकली. टोपी! टोपीच्या कुठल्या कडेपासून पुढं मोजणार होता हा माणूस?

"ताण!" ओदवार ओरडला.

सीवर्तनं कानामागं हात नेला. "काय?"

"टेप ताण, टेप! सैल धरलास तर आकडा जास्त येतो! आणि झुडपावरून घे, झुडपाला वळसा कशाला? अरे, टोपी कसली टाकतोस!"

"मला नाही बाबा जमत," सीवर्त तिथूनच ओरडला आणि टेपची चकती गवतात ठेवून देऊन खाली बसला. "तू ये."

ओदवार निघाला. रागानं, तरातरा, हातात तंबूचे दोन खुंट घेऊन. टोपीपर्यंत पोचल्यावर त्यानं टोपी सीवर्तच्या मांडीवर भिरकावली, चकती उचलली आणि टेप झुडपावरून झटकून सरळ केला. पलीकडे पन्नास मीटरवर बोर्गहिल गुडघे टेकून बसली होती.

"शून्य धरलंस?" त्यानं विचारलं.

"धरलं," ती म्हणाली.

"ओढ!"

ती ओढत होती तशी टेप तारेसारखा ताठ झाला, आणि ओदवारच्या हाताला तो ताण ओळखीचा लागला. बेचाळीस वर्षांपूर्वी तो तिच्या वडिलांच्या शेताची हद्द मोजायला आला होता. बरोबरचा माणूस आजारी पडला होता, म्हणून घरातली मुलगी टेप धरायला आली. ओढ, अजून ओढ, असं तो सारखा ओरडत होता, आणि शेवटी वैतागून तिनं असा हिसडा दिला की साहेब पाटाच्या पाण्यात जाऊन पडले. ती हद्द पाच सेंटिमीटरनं चुकली होती. त्यानं आयुष्यात केलेली ती एकच चूक, असं तो सांगत असे.

पन्नासावर त्यानं खुंट ठोकला. बोर्गहिल चालत खुंटापर्यंत आली, शून्य धरलं, तो पुढं गेला. शंभरावर दुसरा खुंट. मधे फाटक लागलं, ते सीवर्तनं धावत जाऊन उघडून धरलं. आपण काय मोजतोय याचा ओदवारनं अजून विचारच केला नव्हता. टेप ताठ होता, रेषा सरळ होती, बस्स. मग तो बर्चच्या झाडाखाली, तंबूच्या दाराशी पोचला, टेप ओढून धरला, खाली वाकला आणि आकडा वाचला.

छत्तीस.

त्यानं चष्मा पुसला. परत वाचला. छत्तीस मीटर आणि वर तीन सेंटिमीटर.

"किती?" बोर्गहिलनं विचारलं.

ओदवारनं टेप परत ताणून पाहिला. पन्नास, पन्नास आणि छत्तीस यांची बेरीज पाच वर्षांच्या पोरालाही येते.

"किती रे?" मागून सीवर्तनं विचारलं. उत्तर त्याला आधीच ठाऊक असावं.

"एकशे छत्तीस," ओदवार म्हणाला. "पण हे कसं शक्य आहे? दोनशे पावलं होती. मी मोजली. माझं पाऊल पंचाहत्तरचं आहे."

"होतं," बोर्गहिल म्हणाली. ती टेप गुंडाळत गुंडाळत त्याच्याजवळ आली. "म्हणजे दीडशेला चौदा मीटर कमी. गेले दोन दिवस बेकायदा राहतोयस, ओदवार. घरात राहणाऱ्याची परवानगी लागते याला."

ओदवारचा चेहरा पडला होता, पण कायद्याचा विषय निघाल्यावर त्याच्यात जरा जीव आला. "घरात राहणारा मीच आहे," तो म्हणाला. "मी मला परवानगी देतो."

"घरात राहणारा असशील तर तंबूत काय करतोस?" बोर्गहिल म्हणाली. "आणि तंबूत राहणारा असशील तर परवानगी मी द्यायची. काय ते एक ठरव."

सीवर्तनं तोंड फिरवून नदीकडे बघायला सुरुवात केली. त्याचे खांदे हलत होते.

या युक्तिवादात कुठं फट आहे का, हे ओदवारनं सगळीकडून चाचपून पाहिलं. नव्हती. सदतीस वर्षांत नगरपालिकेच्या वकिलालाही असं काही सुचलं नव्हतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "मग परवानगी दे."

"नाही देत."

त्यानं वर पाहिलं.

"मी तुला बोलावत नाहीये," बोर्गहिल म्हणाली. "नाही बोलावणार असं म्हटलंय, ते म्हटलंय. नियम तेवढा सांगते. एकतर चौदा मीटर तिकडे जा, नाहीतर एकशे छत्तीस इकडे ये. मधे नाही राहायचं."

चौदा मीटर म्हणजे नदीचं वळण. वळणापलीकडे खिडकी दिसत नव्हती, आणि पुढं भावाची झोपडी होती. ओदवार त्या वळणाकडे बघत होता, पण त्याच्या डोक्यात वेगळंच काही अडकलं होतं.

"अडुसष्ट," तो म्हणाला. "पाऊल अडुसष्टाचं झालंय माझं. सात सेंटिमीटर कमी. कधी झालं हे?"

"तीन वर्षं झाली," बोर्गहिल म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? तुझ्याबरोबर मीच चालते ना रोज," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आधी मला तुझ्यामागं पळावं लागायचं. मग एक दिवस बघते तर मीच पुढं. तेव्हापासून मी पाऊल आखडतं घेते. कधी बोलले का?"

तीन वर्षं रोज संध्याकाळी नदीपर्यंत जाऊन यायचं. म्हणजे किती पावलं होतात, ते ओदवारला एरवी एका क्षणात सांगता आलं असतं. तेवढी सगळी पावलं तिनं आखडली होती आणि एका शब्दानं दाखवून दिलं नव्हतं. आणि त्याला तिच्या एल्कचे दहा मीटर सोसले नव्हते.

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "नाही बोललीस."

"मग!" ती म्हणाली.

ओदवार खाली बसला आणि भराभर उरलेले खुंट उपटायला लागला, न पुसताच, मातीसकट. तंबू कसातरी गोळा करून काखेत मारला. सीवर्तनं सातही संत्री टोपीत भरली, बोर्गहिलनं चीज घेतलं, आणि तिघं घराकडे निघाले. पंधरावीस पावलांवर ओदवार थबकला.

"तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही, असं म्हणालो होतो," तो म्हणाला.

"तू कुठं येतोयस? तुला तर उठवलंय," सीवर्त म्हणाला. "माझ्या जमिनीवरून, कायद्यानं. चल आता, कॉफी थंड होते."

हे ओदवारला पटलं.

ओसरीवर कॉफी ओतली गेली, गरम वॅफल आणि जॅम आला. आता वॅफलचं पीठ आधी भिजवून ठेवावं लागतं, आणि कप मुळातच तीन मांडलेले होते, पण हे ओदवारच्या लक्षात आलं नाही. सीवर्तनं दुसरं वॅफल संपवलं, पाय लांब केले आणि निरागस चेहऱ्यानं म्हणाला, "बोर्गहिल, ती एल्कची गोष्ट माझी नेहमी अर्धीच राहते बघ."

बोर्गहिलनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग कप बाजूला सरकवून ती सरळ बसली. सकाळ, कपडे, चादर, चादरीपलीकडची सावली, सगळं आलं. तिनं हात पसरले. "आणि चादर बाजूला करते तर काय! हा एवढा नर! माझ्यापासून एका हातावर!"

ओदवारनं घसा खाकरला.

हात हवेतच राहिले. सीवर्तनं डोळे मिटून घेतले.

"चूक," ओदवार म्हणाला.

"ओदवार!"

"चूक ते चूक," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "एक हात नाही, अर्धाच हात. मी स्वतः मोजलाय. त्याचा श्वास तुझ्या तोंडावर येत होता." आणि मग खुर्ची पुढं ओढून, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं, "पुढं सांग ना. तू काय म्हणालीस त्याला?"